तीन तासांची खोली: बुकिंग ॲपवर, निकाल काउंटरवर

तासांच्या हिशेबाने हॉटेलची खोली देणारी ॲप्स पुण्या-मुंबईत आता नवी राहिलेली नाहीत. ब्रेव्हिस्टेवर तीन, सहा आणि बारा तासांचे स्लॉट असतात, मिस्टे आणि बॅग-टू-बॅगवरही तासांवर खोली मिळते, आणि ओयोवर जोडप्यांना चालणारी हॉटेलं वेगळी काढून बघता येतात. सेवा उपयोगाची आहे आणि पैसे वाचवते. मात्र ‘संपूर्ण प्रायव्हसी’ या जाहिरातीवर विसंबू नये. ॲपला नाव, नंबर आणि पैसे एवढंच हवं असतं. ओळखपत्र मागणारा, रजिस्टर पुढे सरकवणारा आणि ‘लोकल आयडी चालणार नाही’ म्हणून हात वर करणारा माणूस काउंटरवर बसलेला असतो. म्हणून हे परीक्षण ॲपपेक्षा काउंटरचं जास्त आहे.

आधी वेळेचं गणित, कारण बहुतेकांचा खोळंबा तिथेच होतो. रात्रीचे पाहुणे साधारण अकराला खोली सोडतात, नवे दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान येतात. तासांच्या बुकिंगला मिळते ती या फटीतली किंवा रात्रीपासून रिकामी राहिलेली खोली. सकाळी दहाचा स्लॉट ॲपवर दिसतो आणि बुकही होतो. पण तिथे पोचल्यावर ‘खोली साफ होतेय, अर्धा तास बसा’ असं ऐकावं लागतं, तेही लॉबीत, सगळ्यांसमोर. खोली झाडून-पुसून, चादरी बदलून तयार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतोच. म्हणून स्लॉट बारानंतरचा घ्यावा. मंगळवार ते गुरुवार, बारा ते पाच ही सर्वांत निर्धोक वेळ. शनिवार-रविवार, लग्नाच्या दाट तिथी, १४ फेब्रुवारी आणि ३१ डिसेंबर या दिवशी तासांचे स्लॉट एक तर गायब होतात, नाही तर बुक होऊन ऐन वेळी नाकारले जातात, कारण तीच खोली पूर्ण रात्रीच्या दराने सहज जाते.

दुसरी गोष्ट, घड्याळ बुक केलेल्या वेळेपासून चालतं, तुम्ही दारात पाऊल ठेवल्यापासून नाही. बारा ते तीनची खोली घेऊन बारा चाळीसला पोचलात तरी तीनला बाहेर. त्यात नोंदणीची पंधरा-वीस मिनिटं. तीन तासांच्या स्लॉटमध्ये हातात खरे अडीच तास पडतात असं धरून चालावं. तीन तासांचा दर रात्रीच्या दराच्या निम्म्याहून बराच वर गेला तर सरळ रात्रीचं बुकिंग करून हवं तेव्हा निघावं. वेळेची घाई नाही, आणि काउंटरवर ‘तासवाले’ म्हणून वेगळी नजरही नाही. दर पाहताना कर धरा: २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. अजूनही जुन्या दराने बिल फाडलं जात असेल तर तिथल्या तिथे विचारावं.

आता ओळखपत्र. खोलीत जाणाऱ्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीचं, मूळ स्वरूपात. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने नंतर हळूच वर जायचं, ही युक्ती सुचते अनेकांना, पण ती अंगाशी येते. लॉबीतला कॅमेरा बघत असतो, आणि तपासणी आली तर रजिस्टरमध्ये नाव नसलेली व्यक्तीच पहिली अडचणीत येते. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही. कॉलेजचं ओळखपत्रही नाही. आधार, वाहन परवाना, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांपैकी काहीही चालतं आणि त्यात वाहन परवाना सर्वांत बरा. पत्ता असतो आणि आधार क्रमांक कुणाच्या हाती जात नाही. आधारच द्यायचं असेल तर शेवटचे चार अंकच दिसणारं ‘मास्क्ड’ आधार आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. काही काउंटर ते नाकारतात, म्हणून सोबत दुसरं काही असू द्या. झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर आडवं हॉटेलचं नाव, तारीख आणि ‘फक्त मुक्कामाच्या नोंदीसाठी’ असं पेनाने लिहा. आणि ‘फोटो काढून माझ्या व्हॉट्सॲपवर पाठवा’ या मागणीला ठाम नकार द्या. रिसेप्शनिस्टचा स्वतःचा फोन म्हणजे हॉटेलचं दप्तर नव्हे. तो महिन्याभरात नोकरी सोडून जातो, तुमचा नंबर आणि आधार घेऊन. काउंटरवरच्या स्कॅनरवर घ्या म्हणावं, नसेल तर झेरॉक्स द्यावी.

वय दोघांचंही १८ पूर्ण हवं, यात सूट नाही. अठरा ते एकवीसच्या मधल्यांना काही हॉटेलं स्वतःच्या नियमाने परत पाठवतात. रजिस्टरमध्ये नात्याचा रकाना असेल तर ‘मित्र’ लिहा. ‘पती-पत्नी’ असं खोटं लिहिण्याची काहीच गरज नसते, आणि वेगवेगळ्या आडनावांच्या, वेगवेगळ्या पत्त्यांच्या दोन कार्डांशेजारी ते शोभतही नाही.

लोकल आयडी हा सगळ्यांत मोठा अडसर. पुण्यातल्या हॉटेलात पुण्याचा पत्ता, ठाण्यातल्या हॉटेलात ठाण्याचा, म्हणजे परत फिरा. पुष्कळ मालक पोलिसांच्या चौकशीची कटकट नको म्हणून हा नियम करतात. कायदा तसं सांगत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका सर्व्हिस अपार्टमेंटला ठोकलेल्या सीलच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं की, अविवाहित स्त्री-पुरुषाने हॉटेलच्या खोलीत पाहुणे म्हणून राहू नये असं सांगणारा कोणताही कायदा नाही. पण गुन्हा नाही म्हणजे हॉटेलवर खोली देण्याची सक्ती आहे, असं होत नाही. राज्यघटनेच्या १५(२) कलमात हॉटेलांचा उल्लेख आहे, मात्र तिथे धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांनी मज्जाव करता येत नाही एवढंच म्हटलंय. लग्न झालंय की नाही, हे त्या यादीत नाही. ओयोने जानेवारी २०२५ मध्ये मेरठमध्ये नियम बदलून तिथल्या भागीदार हॉटेलांना अविवाहित जोडप्यांना नकार देण्याची मुभा दिली ती याच मोकळ्या जागेतून. म्हणजे एकाच ॲपवर एका शहरात चालतं ते दुसऱ्यात चालेलच असं नाही, आणि हॉटेलच्या पानावरचे नियम दर वेळी नव्याने वाचावे लागतात.

बुकिंगआधीचा फोन हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग. ॲपच्या कॉल सेंटरला नाही, हॉटेलच्या काउंटरला. मुंबईत बहुधा हिंदीतच उत्तर येईल. प्रश्न आडवळणाने विचारू नयेत: ‘आम्ही दोघं आहोत, लग्न झालेलं नाही, दोघांचेही आयडी याच शहरातले आहेत, बारा ते तीनचा स्लॉट आहे. चालेल का?’ उत्तर ‘या, बघू’ असं आलं तर ते ‘नाही’ समजावं. ‘हो’ आलं तर बोलणाऱ्याचं नाव विचारून घ्या. ड्यूटी बदलते, दुपारच्या पाळीचा माणूस वेगळा असतो आणि ‘सकाळी तुमच्या अमुक यांच्याशी बोलणं झालंय’ या एका वाक्याने पुष्कळ काम होतं. पैसे शक्यतो हॉटेलवर भरण्याचा पर्याय घ्यावा. आधी भरलेले पैसे नकारानंतर परत येतात, पण त्यासाठी पाठपुरावा करावा लागतो.

एवढं करूनही ‘सर, फुल आहे’ ऐकावं लागू शकतं. खोली रिकामी दिसत असतानाही. त्यामागे बहुधा कमिशन असतं: ॲपचा वाटा गेल्यावर मालकाच्या हाती थोडंच उरतं, म्हणून ‘ॲपचं बुकिंग रद्द करा, थेट रोख द्या’ असा सूर लागतो, दर वाढवून. तिथून निघण्याआधीच ॲपच्या चॅटवर बुकिंग क्रमांकासह ‘हॉटेलने नाकारलं’ असं लिहून ठेवा आणि दुसरी जागा मागा. घरी येऊन लिहिलंत तर हॉटेल ‘पाहुणे आलेच नाहीत’ अशी नोंद करून मोकळं झालेलं असतं. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

गोपनीयतेचा माग हॉटेलपेक्षा स्वतःच्या फोनवरच जास्त उरतो. बुकिंगचा मेल जीमेलवर आला की तारीख-वेळेसह कॅलेंडरमध्ये आपोआप नोंद होऊ शकते. तेच खातं घरच्या टॅबवर उघडं असेल तर ती तिथेही दिसते. यूपीआय किंवा कार्डाने भरलं तर ॲपचं नाव खात्याच्या उताऱ्यावर येतं. हॉटेलच्या क्यूआरवर भरलं तर पुष्कळदा मालकाच्या नाहीतर एखाद्या ट्रेडर्सच्या नावावर जातं. नकाशातली टाइमलाइन चालू असेल तर तिथेही नोंद. आणि सगळ्यांच्या लक्षातून सुटणारी गोष्ट म्हणजे फास्टॅग: लोणावळ्याला नेलेली गाडी वडिलांच्या नावावर असेल तर टोल कापल्याचा मेसेज नाक्याच्या नावासकट त्यांच्या फोनवर जातो.

‘आयडीची गरज नाही’ असं सांगणारी स्टेशनजवळची लॉजं मात्र टाळावीत. नोंद न ठेवणारी जागा गोपनीय वाटते, पण अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली छापे पडतात ते अशाच जागांवर, आणि मग आत असलेला प्रत्येक जण संशयित. स्वच्छ नोंद हेच इथे संरक्षण. ती असूनही त्रास झाल्याचं उदाहरण आहे: ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलांमधून पोलिसांनी सुमारे चाळीस जोडप्यांना उचललं, सार्वजनिक असभ्य वर्तनाचं कलम लावलं, तेही बंद खोलीतल्यांना. टीका झाली आणि पोलीस आयुक्तांनी चौकशी लावली. दारावर पोलीस आलेच तर ओळखपत्र आणि बुकिंगची पावती दाखवावी, अधिकाऱ्याचं नाव आणि पोलीस ठाणं विचारावं, पैसे देऊ नयेत. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही; अपवादात्मक परिस्थितीतही महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते.

खोलीत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं तपासणीची. दिवसातून दोन-तीनदा फिरणाऱ्या खोलीत वरची चादर बदलली जाते, खालची राहते. गादीचा कोपरा उचलून पाहा, उशीचे अभ्रे आणि टॉवेल ओलसर नाहीत ना ते बघा, आणि शंका आली तर हाउसकीपिंगला लगेच बोलवा; तासाभराने सांगितलेली तक्रार कुणी मनावर घेत नाही. दाराला आतून कडी हवी, नुसतं कार्डाचं कुलूप पुरत नाही, कारण तसलंच दुसरं कार्ड काउंटरवर असतं. शेजारच्या खोलीत उघडणारं दार असेल तर खोली बदलून मागा.

कॅमेऱ्यासाठी पलंगाकडे तोंड करून असलेल्या वस्तू बघाव्यात: धूरसूचक, सेट-टॉप बॉक्स, घड्याळ, विनाकारण लावलेला चार्जर किंवा ॲडॅप्टर. दिवे बंद करून टॉर्च हळू फिरवली की भिंग चमकतं. अंधारात फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर अवरक्त दिवा जांभळट ठिपक्यासारखा दिसू शकतो, पण आधी टीव्हीचा रिमोट दाबून फोनला तो दिसतो का ते तपासा. सगळ्या फोनांना दिसत नाही. आरशाला बोट लावून अंतर पाहण्याची युक्ती भरवशाची नाही. त्यापेक्षा काचेला टॉर्च टेकवून, दोन्ही हातांचा आडोसा करून पलीकडे काही दिसतं का ते पाहावं. काही सापडलंच तर हात न लावता फोटो काढा आणि ११२ लावा, काउंटरला सांगण्याआधी. लपून चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली गुन्हा आहे. कॉरिडॉरमधला कॅमेरा मात्र नेहमीचाच असतो, त्यावरून वाद घालू नये.

तासांच्या खोलीचं गिऱ्हाईक फक्त जोडपी, हा समज खुद्द काउंटरवरच्यांचाही असतो आणि त्याचा त्रास इतरांना होतो. रात्रभर प्रवास करून बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला आलेल्यांना आंघोळ, इस्त्रीचे कपडे आणि आत नेता न येणारा फोन ठेवायला जागा हवी असते. टाटा मेमोरियलला तपासणीसाठी आलेल्या पेशंटला दुपारी दोन तास आडवं व्हायचं असतं. एकट्या बाईने दिवसा खोली मागितली की प्रश्न वाढतात. अशांनी ॲपआधी रेल्वेची रिटायरिंग रूम बघावी. आयआरसीटीसीवर कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ती मिळते, जिथून निघायचं किंवा जिथे उतरायचं त्या स्टेशनात, आणि काही स्टेशनांवर तासांच्या हिशेबाने. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ पासून पॉड हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचं हॉटेल आहे. सुरू झालं तेव्हा बारा तासांचे ९९९ रुपये होते. साधं पॉड एका माणसाचं, न्हाणीघर सामाईक, बायकांसाठी वेगळी सोय. सामान मोठं असेल तर ते आधी क्लोकरूमला टाकावं, पॉडमध्ये मोठी बॅग मावत नाही.