न उगवलेल्या सोयाबीनमधून तयार झालेली पुस्तिका

२०२० च्या खरिपात मराठवाड्यातील असंख्य शेतकऱ्यांचे सोयाबीन उगवले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही त्याची स्वतःहून दखल घेतली होती. त्या वर्षी दुबार पेरणीची पाळी आलेल्या औसा तालुक्यातील एका शेतकऱ्याने लिहिलेली छोटी पुस्तिका सध्या लातूरमधील एका बियाणांच्या दुकानात मिळते. छपाई साधी आहे, अक्षर बारीक आहे आणि अनुक्रमणिका नाही, तरीही ती घ्यावी असे मी म्हणेन.

लेखकाने आपले नुकसान दीड पानात आटोपले आहे आणि बियाणे कंपनीचे नाव कोठेही घेतलेले नाही. पुढील मजकूर हंगामाच्या क्रमाने जातो, त्यामुळे वाचणाऱ्याला आपण नेमके कोठे उभे आहोत ते लगेच सापडते. सोयाबीनचे आवरण पातळ असते व अंकुर त्याच्या लगेच खाली असतो, म्हणून पोती आपटू नयेत, हे सांगून लेखक घरच्या घरी करायच्या उगवण चाचणीकडे वळतो. ओल्या गोणपाटात १०० दाणे ओळीने मांडून गुंडाळी करायची, ती ओलसर ठेवायची आणि आठवड्याने कोंब मोजायचे. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरणीयोग्य, कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याखेरीज चाड्यावर मूठ धरू नये, म्हणजे पेरणी करू नये, हा इशारा त्याने दोनदा दिला आहे, आणि तो दोनदा देण्यासारखाच आहे.

सर्वांत मोलाचा भाग तक्रारीचा आहे. पावती, पिशवी, तिच्यावरील लेबल आणि मूठभर शिल्लक बियाणे जपून ठेवावे, कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि पाहणी होईपर्यंत शेत मोडू नये, हे त्याने ज्या तपशिलाने लिहिले आहे तो तपशील हेलपाटे घातलेल्या माणसालाच सुचतो. अर्जाचा नमुना मात्र पानाच्या पाठीमागे छापल्याने फाडून वापरता येत नाही. कर्जावरील शेवटचे प्रकरण निव्वळ गाऱ्हाणे झाले आहे; ते गाळले असते तरी चालले असते.

पुस्तिका मे महिन्यातच घ्यावी, कारण चाचणीला आठवडा लागतो आणि मृगाचा पाऊस पडल्यावर दुकानात उभे राहायलाही जागा नसते.