डिझेल मॅन्युअल की पेट्रोल ऑटोमॅटिक? दोन फसलेल्या एसयूव्हींवरून

आमच्या घरात २०२१ साली चार महिन्यांच्या अंतराने दोन एसयूव्ही आल्या. माझी डिझेल मॅन्युअल, साडूभाऊंची टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) असलेली पेट्रोल आणि ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. कंपन्या वेगळ्या, शोरूम वेगळी, पेढे मात्र एकाच दुकानातले. माझी ३२,००० किलोमीटरला आडवी झाली, त्यांची २६,०००ला. आता घरात कुणी एसयूव्ही घ्यायची म्हटलं की आम्हा दोघांना समोर बसवून विचारतात, यातली कुठली घेऊ? उत्तर लांब आहे, म्हणून लिहूनच टाकतो. नावं मुद्दाम देत नाही. आमचे जे भाग गेले, ते बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत असतात.

आधी माझी. पुण्यात कर्वेनगर ते डेक्कन, रोज सहा किलोमीटर जाणं, सहा येणं. दुसऱ्याच वर्षी डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा, पिवळा दिवा लागायला लागला. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांना ही गाळणी आली. धुराच्या वाटेवर सिरॅमिकचा जाळीदार डबा असतो, तो काजळी अडवतो. डबा भरत आला की गाडी ती काजळी आपली आपण जाळते. त्यासाठी जास्तीचं डिझेल सोडून धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं आणि मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी पळावी लागते. माझी गाडी नळस्टॉपच्या सिग्नलला जेमतेम तापायची आणि पुढे पार्किंगमध्ये बंद व्हायची. जाळणं सुरू होई आणि अर्ध्यावर राही.

याचा दुसरा परिणाम मला आमच्या गॅरेजवाल्याने दाखवला. त्याने ऑइलची डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर बोटभर. "साहेब, ऑइल कधी वाढतं का?" म्हणाला आणि काडी माझ्या नाकापाशी धरली. डिझेलचा वास. ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत होतं. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बो आणि बेअरिंगं चालत होती. डिझेलवाल्यांनी महिन्यातून एकदा ही काडी बघाच. कमी झालेल्या ऑइलची भीती सगळ्यांना असते, वाढलेल्याकडे कुणी बघत नाही.

मग चौथ्या वर्षी फ्लायव्हील गेलं. डिझेल इंजिनाचे हादरे गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे दोन जड चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा. इंजिन बंद करताना खडखड आवाज यायला लागला, तो वाढतच गेला. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटही बदला, असं करत बिल ६४,००० रुपये. वॉरंटी तीन वर्षांची, ती आधीच संपलेली. शिवाय वॉरंटीच्या कागदावर क्लच बहुतेक वेळा झिजणाऱ्या भागांच्या यादीत असतो, ब्रेक पॅड आणि वायपरच्या शेजारी.

"सर, तुमचं ड्रायव्हिंग सिटीचं आहे ना," असं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला. राग याचाच की निम्मं खरं होतं. वीसच्या वेगात तिसऱ्या गिअरवर गाडी रेटायची सवय मला आहेच, आणि कमी आरपीएमवर, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, असं रेटलं की त्या स्प्रिंगांचा जीव जातो. पण गाडी विकताना रोज किती चालते, हा एक प्रश्न कुणी विचारला होता का? रंग कुठला हवा, हे तिघांनी विचारलं.

साडूभाऊ ठाण्यात घोडबंदर रोडला राहतात. त्यांच्या गाडीत कोरड्या क्लचचा सात गिअरांचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स. मोकळ्या रस्त्यावर तो लोण्यासारखा चालतो, खोटं कशाला बोलू. आत दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा, दुसरा सम. एक सुटतो तोवर दुसरा धरतो. पण ट्रॅफिकमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने सरकते, तेव्हा हा गिअरबॉक्स सतत हाफ क्लचवर असतो, म्हणजे क्लच अर्धवट धरून घासत राहतो. कोरड्या क्लचला थंड करायला ऑइल नाही. गायमुखच्या चढावर तासभर असं सरकल्यावर गाडी थरथरली, जळका वास आला आणि स्क्रीनवर सूचना आली: गिअरबॉक्स तापला आहे, सुरक्षित जागी थांबा. संध्याकाळी सात वाजता घोडबंदरला सुरक्षित जागा! वहिनी खाली उतरून हातवारे करत मागचे ट्रक बाजूने काढत होत्या.

त्यांनाही "चालवण्याची पद्धत" हेच ऐकवलं. हे इथलंच दुखणं आहे असं समजू नका. ऑस्ट्रेलियात २०१८ साली फेडरल कोर्टाने फोर्डच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. पॉवरशिफ्ट ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट गाड्या थरथरतात अशा तक्रारी होत्या. गिअरबॉक्समध्ये दोष आहेत हे ठाऊक असूनही कंपनी ग्राहकांना वारंवार तुमच्या चालवण्यामुळे होतंय म्हणून सांगत होती.

साडूभाऊंचा क्लच पॅक मात्र फुकट बदलून मिळाला. एकतर त्यांनी पहिल्याच वर्षी एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती. दुसरं, पहिल्यांदा गाडी थरथरली तेव्हाच त्यांनी जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार नोंदीच्या कागदावर, आपल्या शब्दांत लिहून घेतलं होतं: "चढावर पहिल्या गिअरला हादरे." तारीख आणि किलोमीटर सकट. अ‍ॅडव्हायझर "जनरल चेकअप" लिहीत होता, ते यांनी खोडायला लावलं. बँकेत आयुष्य काढलेला माणूस. गाडी तरी २३ दिवस पडून होती.

आता पैशाचं बघू. डिझेलसाठी मी १ लाख ४० हजार जास्त मोजले होते. माझी शहरात लिटरला १३ किलोमीटर देते, तेवढीच मोठी पेट्रोल १० देते. डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं तर किलोमीटरमागे साडेतीन रुपये वाचतात. म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला ४०,००० किलोमीटर. वर्षाला माझे ८,००० होतात, म्हणजे पाच वर्षं. त्याआधीच फ्लायव्हीलचं बिल आलं आणि हिशोब आणखी सव्वादोन वर्षं पुढे गेला.

तेव्हा ज्यांचं रोजचं एका वेळचं जाणं दहा किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी डिझेलकडे बघूही नये. पिकअप कितीही आवडो. आठवड्यातून दोनदा तरी तासभर हायवे असेल तर डिझेलला तोड नाही आणि मॅन्युअलच घ्या. ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक हवंच असेल तर टॉर्क कन्व्हर्टर. त्यात निघताना क्लच घासत नाही, तेल जोर पोचवतं. अ‍ॅव्हरेज थोडं कमी मिळतं, किंमत जास्त पडते, आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचंच नसतं असं कुणी म्हणालं तरी ६०-७० हजार किलोमीटरला बदलून घ्यावं. ड्युअल क्लचच आवडला असेल तर ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा आहे का, ते विचारा. सेल्समनला नसेल माहीत, तर वर्कशॉपच्या फोरमनला गाठा. माझं वैयक्तिक मत, शहरात राहणाऱ्याला टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन पुरतं. ओव्हरटेकला थोडं रडतं, पण बिघडण्यासारखं त्यात कमी असतं.

सस्पेन्शनचं वेगळं काही सांगत नाही. लिंक रॉड आणि बुश दोन्ही गाड्यांचे सारखेच गेले, त्याचं श्रेय मुंबई–गोवा महामार्गाला.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नका. संध्याकाळी साडेसहाला, तुमच्या रोजच्या रस्त्यावर, घरची चार माणसं बसवून घ्या.

आणि भांडायची वेळ आलीच तर ग्राहक आयोग आहे. ५० लाखांपर्यंत मोजलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, मुदत दोन वर्षं, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवा, पुष्कळदा तेवढ्यानेच फोन यायला लागतात. नवी गाडी मिळेल ही आशा मात्र ठेवू नका. क्लचच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलंय की, वॉरंटी सदोष भाग बदलण्याची असते, अख्खी गाडी बदलण्याची नाही.

माझी डिझेल मी विकली. सोलापूरचा मेहुणा, त्याची औषधांची एजन्सी, आज लातूर, उद्या विजापूर, परवा पुणे. सगळं खरं सांगून, बिलं दाखवून दिली. आठ महिन्यांत त्याने २२,००० किलोमीटर मारले. परवा फोन आला तेव्हा मी भीतभीतच विचारलं, पिवळा दिवा लागतो का रे?

"कुठला दिवा, दाजी?"