उजवा कंट्रोल नसलेल्या लॅपटॉपवर एआयचे शॉर्टकट: पावसाळाभर वापरल्यानंतर

लॅपटॉपच्या कीबोर्डवरचा डावा कंट्रोल बंद पडला तो ऐन शुक्रवारी, म्हणजे आमच्या बाजाराच्या दिवशी. म्हापशात दुकान चालवणाऱ्याला शुक्रवार म्हणजे काय ते सांगायला नको. पेडणे, डिचोलीकडून बाजाराला आलेली माणसं त्याच खेपेत पंचायतीचे, मामलेदाराचे अर्ज टाइप करून नेतात. रांग लागलेली, आणि कॉपी होईना, पेस्ट होईना, सेव्ह होईना. दुसरा कंट्रोल या लॅपटॉपला नाहीच. त्या जागी कोपायलटची, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस उघडणारी की आहे.

रॅम, स्क्रीन, बॅटरी याबद्दल भरपूर लिहून झालंय आणि माझी त्यात तक्रार नाही. मला लिहायचंय ते या एकाच कीबद्दल. मायक्रोसॉफ्टने ती जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली. तिला जागा कुठे द्यायची ते लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने ठरवलं, आणि माझ्या मॉडेलमध्ये बळी गेला उजव्या कंट्रोलचा.

टायपिंगवाल्यांना उजवा कंट्रोल का लागतो? अर्जदाराचा कागद डाव्या हाताखाली असतो, बोट ओळीवर ठेवलेलं. उजव्या हाताने कंट्रोल-शिफ्ट धरायचं आणि बाणाने एकेक शब्द सिलेक्ट करत जायचं. एआयकडून मजकूर सुधारून घ्यायचा तर पहिलं काम हेच, हवा तेवढा भाग सिलेक्ट करणं. म्हणजे एआयसाठी की बसवताना एआयच्या कामात सगळ्यात जास्त लागणारी कीच काढून टाकली. याचा राग मला अजून आहे.

पणजीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, "मॅडम, आत गंज दिसतोय, लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. कीबोर्ड सुटा मिळत नाही, वरचा अख्खा पॅनल बदलावा लागेल." पाणी कुठे सांडलंय ते दाखवा म्हटलं, तर दाखवता येईना. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असणारच; इथे लॅपटॉप विकता तर तो इथल्या पावसाळ्यात चालला पाहिजे. मी एवढंच सांगितलं, नकार लेखी द्या, कारणासकट, गंजाच्या फोटोसकट. तोच कागद घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करते. लेखी काही मिळालं नाही, पण काही दिवसांनी पॅनल फुकट बदलून मिळाला. तुमच्यावर अशी वेळ आली तर तोंडी नकार ऐकून परत फिरू नका.

मधल्या काळात साधा यूएसबी कीबोर्ड आणला, दोन्ही कंट्रोल असलेला. सर्व्हिसवाल्यांनी पॅनलची जी किंमत सांगितली होती तिच्या पासंगालाही तो लागत नाही. दुकानात काम करणाऱ्यांनी लॅपटॉपबरोबरच असा एक घेऊन ठेवावा.

नवीन पॅनल आल्यावर ती की बदलायचा प्रयत्न केला. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग टेक्स्ट इनपुट इथे तिला सर्चचं काम देता येतं किंवा दुसरं ॲप जोडता येतं. माझ्याकडे कंट्रोलचा पर्याय दिसला नाही. पॉवरटॉईज हे मायक्रोसॉफ्टचंच फुकट साधन आहे, त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरने जमलं, पण अर्धंच. कोपायलट की दाबली की विंडोज, शिफ्ट आणि एफ२३ असे तीन संदेश एकदम जातात. ते उजव्या कंट्रोलवर वळवले. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही चालतं. पण की स्वतःच शिफ्ट घेऊन येत असल्यामुळे कंट्रोल-शिफ्ट-बाण अडखळतं. आणि मला हवं होतं नेमकं तेच.

इथपर्यंत माझं मत होतं की या लॅपटॉपवर हे काम करूच नये. ते बदललं एफ८मुळे. वर्डमध्ये एफ८ एकदा दाबलं की सिलेक्ट करणं सुरू होतं, दुसऱ्यांदा शब्द, तिसऱ्यांदा वाक्य, चौथ्यांदा परिच्छेद, पाचव्यांदा सगळा दस्तऐवज. एस्केप दाबलं की थांबतं. कंट्रोल लागतच नाही! डावा हात कागदावरच राहतो. मराठी मजकुरातही चालतं, फक्त 'श्री.'नंतरच्या टिंबाला कधी कधी वाक्य संपलं असं समजतं, तेवढं बघायचं. लॅपटॉपवर एफ८ला दुसरं काम दिलेलं असेल तर एफएन धरावं लागतं. त्यानंतर शिफ्ट-एफ१० दाबलं की उजव्या क्लिकचा मेनू उघडतो. या दोन जोड्या एआयच्या कितीतरी आधीपासून आहेत आणि त्यांच्या जिवावर माझं निम्मं काम चालतं.

वाक्यापुरतंच सिलेक्ट करण्याचा हट्ट का, तेही सांगते. इंग्रजी अर्जाची भाषा सुधारायला मी नोटपॅडमधलं कंट्रोल-आय वापरते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन असलं की सिलेक्ट केलेला भाग ते पुन्हा लिहून देतं. भाषा चांगली होते, याबद्दल शंका नाही. पण आपल्याकडे नावदुरुस्तीचे अर्ज येतात. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत नाईकचं स्पेलिंग क्यू-यू-ई लावून, कामतचं कामोतीं, शेटचं एक्सने सुरू होणारं. पूर्ण परिच्छेद एआयला दिला की जुनं स्पेलिंग 'सुधारून' मिळण्याचा धोका असतो, आणि अर्ज असतो त्याच फरकाबद्दल. माझ्याकडे एका अर्जात जुनं आणि नवं अशा दोन्ही ठिकाणी एकच नाव आलं होतं; सही व्हायच्या आधी दिसलं म्हणून वाचलं. तेव्हापासून नावं, सर्व्हे नंबर, फॉर्म १ आणि १४चे (गोव्यातला जमिनीचा उतारा) तपशील असलेली वाक्यं सिलेक्टच करत नाही. विनंतीचं वाक्य, कारणाचं वाक्य, एवढंच देते.

मराठी अर्जांसाठी ब्राउझरमधला चॅट वापरते, फुकटाचा. वर्डमध्ये ऑल्ट-आयने कोपायलट उघडतो म्हणतात, पण त्यासाठी पैसे भरायची माझी तयारी नाही. एका अर्जामागे मला सुटतात किती? चॅटमध्ये मराठी टाइप करताना एकच त्रास, एंटर दाबलं की अर्धवट मजकूर निघून जातो. नव्या ओळीसाठी शिफ्ट-एंटर. अर्जात तर दर दोन शब्दांवर ओळ मोडायची असते, म्हणून मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहून मग पेस्ट केलेला बरा.

सगळ्यात उपयोगी शॉर्टकट मात्र एआयचा नाहीच: विंडोज-व्ही. शेवटचे २५ कॉपी केलेले तुकडे एका यादीत दिसतात. एआयने दिलेली तीन वाक्यं एकामागून एक कॉपी करायची आणि अर्जात येऊन पाहिजे तिथे टाकायची. खिडक्यांमध्ये ये-जा वाचते. पत्त्याचे ठरावीक मायने मी पिन करून ठेवलेत. पण त्याच यादीत लोकांचे आधार नंबरही पडून राहतात, तेव्हा गिऱ्हाईक उठलं की क्लिअर ऑल दाबायचं. पिन केलेलं तेवढं राहतं, बाकी सगळं जातं. म्हणून कोणाचाही नंबर पिन करायचा नाही, हा आमच्या दुकानातला पक्का नियम आहे, आणि नवीन आलेल्या मुलीला मी कंट्रोल-सीच्याही आधी तोच शिकवला.