टीकेइंटरसोबत आठ महिने: वाचनालयाच्या देवघेवीचा प्रोग्राम लिहिताना

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या काउंटरवर गेले आठ महिने मी लिहिलेला देवघेवीचा प्रोग्राम चालतो आहे. पायथन मला थोडंफार येत होतं, पण विंडो आणि बटणं असलेलं काही कधी लिहिलं नव्हतं. टीकेइंटर, म्हणजे पायथनमधून विंडो आणि बटणं बनवायची लायब्ररी, घेतलं, कारण विंडोजवर पायथनसोबत ते येतंच. उबुंटू लिनक्सवर मात्र त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

पहिल्याच दिवशी विंडो उघडली. मुख्य विंडो तयार केली, तिच्यात एक लेबल ठेवलं, शेवटी मेनलूप. हे मेनलूप करतं काय, हा प्रश्न मात्र मला पडला नाही, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच आल्या. तोवरचे माझे प्रोग्राम वरून खाली चालायचे आणि संपायचे. इथे आपल्या ओळी फक्त मांडामांड करतात. मेनलूप सुरू झाला की ताबा त्याच्याकडे. तो काउंटरवरच्या ग्रंथपालासारखा बसून असतो: कुणी आलं की त्याचं काम करायचं, ते झालं की पुढचा. बटण दाबलं की त्याला जोडलेलं फंक्शन तो बोलावतो. म्हणूनच बटणाला फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, पुढे कंस लावायचे नाहीत. मी कंस लावले होते. विंडो उघडताच नोंद आपोआप जतन व्हायची आणि बटण दाबल्यावर काहीच घडायचं नाही. या एका चुकीत माझी अख्खी संध्याकाळ गेली.

खरी समज आली ती जुन्या एक्सेलमधली पुस्तकं आत घेताना. सगळ्या नोंदी एकाच फंक्शनमध्ये, एका दमात भरत होतो. विंडो पांढरी पडली, 'नॉट रिस्पाँडिंग' आलं. ग्रंथपालाला एकाच कामात अडकवून ठेवलं, तर रांगेतल्यांकडे बघणार कोण? मग 200-200 नोंदी भरून पुढचा गठ्ठा 'आफ्टर' ('थोड्या वेळाने हे फंक्शन बोलाव' असं सांगणारी सोय) वापरून मेनलूपकडे सोपवला. विंडो हलती राहिली, प्रगतीची पट्टीही सरकायला लागली.

विंडोतल्या वस्तूंच्या मांडणीसाठी ग्रिड घ्या, म्हणजे ओळी-रकान्यांची पद्धत. दुसरी पद्धत पॅक, ती वस्तू एकामागोमाग एक रचते. पॅक आणि ग्रिड एकाच विंडोत किंवा फ्रेममध्ये (विंडोतल्या चौकटीत) मिसळले की एरर येते, आणि तिच्यात मुख्य विंडोचं नाव नुसतं टिंब असतं. ते टिंब टीसीएलमधलं आहे: टीके हे मूळचं जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीत टीसीएल भाषेसाठी केलेलं टूलकिट, आणि टीकेइंटर हा त्यावरचा पायथनचा थर. हे कळल्यावर त्या एररची भीती गेली. साधी बटणं जुनाट दिसतात, टीटीके या टीकेइंटरमधल्याच नव्या रूपाच्या संचातली वापरा. पुस्तकांच्या यादीसाठी त्यातला ट्रीव्ह्यू, म्हणजे रकान्यांचा तक्ता, उत्तम आहे.

माझी मोठी तक्रार देवनागरीची. विंडोजवर मजकूर व्यवस्थित दिसतो, पण माझ्या लिनक्स लॅपटॉपवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसण्याऐवजी नंतर दिसते आणि जोडाक्षरं फुटतात. मराठी प्रोग्राम लिनक्सवर चालवायचा असेल, तर क्यूटी हे विंडो बनवायचं दुसरं टूलकिट आधी तपासून बघा. आमच्या काउंटरवर विंडोज आहे, म्हणून निभावलं.

एक गोष्ट मी उशिरा केली, तुम्ही आधीच करा. नोंदी ज्यात साठतात त्या एसक्यूलाइट डेटाबेसचं सगळं काम वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. विंडोच्या फाइलमध्ये एकही क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) नको. माझं सगळं एकत्र होतं, तेव्हा उशिराचा दंड बदलायला चार ठिकाणी हात घालावा लागला होता.

वेगळं केल्याचा फायदा गेल्या महिन्यात दिसला. ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "गर्दीत माउसकडे हात न्यायला लागू नये, एखादी कळ देता येईल का?" 'पुस्तक परत' हे फंक्शन सुटं होतंच. एफ2 कळ त्याला बाइंड केली, म्हणजे जोडली, एका ओळीत. बाइंड केलेल्या फंक्शनला मेनलूप घटनेची (कुठली कळ दाबली वगैरे) माहितीही पाठवतो, बटणाला जोडलेल्या फंक्शनला ती मिळत नाही. म्हणून फंक्शनमध्ये त्या माहितीसाठी एक ऐच्छिक जागा ठेवावी लागली. आता संध्याकाळच्या गर्दीत ताई दाखल क्रमांक टाकतात, एफ2 दाबतात आणि पुढचं पुस्तक हातात घेतात.