ग्लेन डॅन्झिग: मिसफिट्सपासून ऐकायचा की १९८८ पासून?

ग्लेन डॅन्झिग हा अमेरिकी रॉक गायक ऐकायला घेतला की पुढ्यात तीन बँड येतात: मिसफिट्स (१९७७ ते १९८३), सॅमहेन आणि १९८७ पासूनचा, त्याच्याच नावाचा डॅन्झिग. गाणी लिहिणारा आणि गाणारा तोच, न्यू जर्सीतल्या लोडायचा. भुतंखेतं, खून, सैतान हे विषयही तेच. फरक आहे तो त्याच्या आवाजाला मोकळीक किती मिळते यात. एल्विस आणि रॉय ऑर्बिसनच्या वळणाचा भारदस्त गळा आहे हा. पंक म्हणजे वेगवान, ओबडधोबड रॉक; त्यात असा सहसा सापडत नाही.

मिसफिट्सचा ‘वॉक अमंग अस’ (१९८२) १३ गाणी जेमतेम २५ मिनिटांत उरकतो. जुन्या हॉररपटांचा मसाला, सगळ्यांनी मिळून ओरडायचे कोरस, आणि चाली मात्र पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलसारख्या, दोनदा ऐकल्या की तोंडात बसणाऱ्या. ध्वनिमुद्रण कच्चं आहे, ते चालवून घ्यावं लागतं. पण मिसफिट्सचा कवटीवाला टी-शर्ट पाहून थेट ‘अर्थ ए.डी.’ला (१९८३) हात घालू नका. तो निव्वळ हार्डकोरचा, म्हणजे आणखी वेगवान, आरडाओरड्याच्या पंकचा भडिमार आहे. शब्द कळत नाहीत आणि तो गळाही त्यात बुडतो. थ्रॅश, म्हणजे वेगवान हेवी मेटल, वाजवणाऱ्यांना मात्र नेमका हाच वेग भावला. मेटालिकाने १९८७ मध्ये त्यातलं ‘ग्रीन हेल’ आणि मिसफिट्सचंच जुनं ‘लास्ट करेस’ जोडून वाजवलं.

१९८८ च्या ‘डॅन्झिग’ अल्बमला निर्माता रिक रुबिन आहे, आणि त्याने सगळी गर्दी हटवली. जॉन क्राइस्टचे संथ, ब्लूजमध्ये मुरलेले रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे), चक बिस्किट्सचे दणकट ड्रम, मध्ये ऐसपैस शांतता. ‘मदर’ हे गाणं इथलंच, पण ते हिट झालं थेट १९९४ मध्ये, लाइव्ह व्हिडिओ एमटीव्हीवर फिरू लागल्यावर. त्याच वर्षी कंट्री गायक जॉनी कॅशच्या अल्बममध्ये डॅन्झिगने लिहिलेलं ‘थर्टीन’ आलं. आवाज बाजूला ठेवला तरी लेखणी उभी राहते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

सॅमहेन या दोन टोकांमधला पूल. उदास, थंड, पहिल्या ओळखीला नको.

ब्लॅक सॅबथ किंवा डोर्ससारखे रॉक बँड आवडत असतील, तर १९८८ चा घ्या, मग ‘लुसिफ्यूज’ (१९९०). रामोन्ससारखे पंक बँड आवडत असतील, तर ‘वॉक अमंग अस’. दोन्हींतलं काहीच ऐकलं नसेल, तरी माझं मत १९८८ लाच. १९९४ नंतरच्या अल्बमची घाई नाही.