कायमची नळी, की स्वतः घालून काढायची?

मूत्राशयाचा स्नायू दुबळा झाला की लघवी होते, पण पूर्ण होत नाही. धार बारीक, जोर द्यावा लागतो, बाहेर आलं की पुन्हा जावंसं वाटतं. कित्येकींना मूत्राशय भरल्याची जाणीवच राहत नाही आणि मग नकळत थेंब गळतात. जुना मधुमेह, वाढतं वय, कमरेच्या मणक्यात दबलेल्या नसा, गर्भाशयाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन, ही आमच्या युरोलॉजी वॉर्डात नेहमी दिसणारी कारणं. गळतंय म्हणून मूत्राशय शांत करणारी गोळी सुरू झाली तर तुंबणं आणखी वाढतं. त्यामुळे लघवी करून आल्यावर आत किती उरते, ते सोनोग्राफीत आधी बघून घ्या.

थोडी उरत असेल तर दर तीन-चार तासांनी न चुकता जाणं, घाई न करणं आणि झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करणं, एवढ्यावर अनेकींचं भागतं. ३०० मिलीच्या वर उरत असेल, वारंवार इन्फेक्शन होत असेल किंवा मूत्रपिंडाला सूज असेल, तर लघवी काढायच्या नळीचा, म्हणजे कॅथेटरचा, विषय निघतोच. तिथे बायका घाबरतात, आणि घरचे म्हणतात, "कायमची बसवून टाका, कटकट नको."

कायमच्या नळीत, म्हणजे फोलीत, रोज काही करावं लागत नाही. आतला छोटा फुगा तिला धरून ठेवतो आणि लघवी यूरोबॅगेत उतरत राहते. पण नळी आत राहिली की जंतू तिच्यावर थर धरतात. महिनाभरात जवळजवळ प्रत्येकीच्या लघवीत जंतू सापडतात. नळी खड्यांनी तुंबते, बाजूने गळते, ठरावीक मुदतीने बदलावी लागते. बॅग कायम कमरेच्या खाली ठेवायची. लग्नाला जाताना साडीत ती लपवायची कशी, नवऱ्याजवळ जायचं कसं, हे प्रश्न बायका डॉक्टरांना विचारत नाहीत. मला विचारतात, तेही दार लोटून घेऊन.

दुसरी पद्धत सीआयसी, म्हणजे क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन. बारीक, मऊ नळी स्वतः घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. लघवी अजिबात होत नसेल तर दिवसातून चार ते सहा वेळा, थोडी होत असेल तर कमी. एका वेळी ४००-५०० मिलीपेक्षा जास्त साठू द्यायची नाही. नळी निर्जंतुक नसली तरी स्वच्छ असली की चालतं, हे मिशिगन विद्यापीठाच्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली मांडलं. जंतूंपेक्षा ताणून भरलेलं मूत्राशय जास्त घातक, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणूनच साबणाने धुतलेले हात पुरतात आणि हे घरी जमतं.

एका मावशींना शिकवताना त्यांचे हात थरथरत होते. आरसा धरला, तरी नळी दोनदा योनीमार्गात गेली. तिसऱ्यांदा मी त्यांना बोटाने चाचपून जागा ओळखायला सांगितलं. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर, त्यामुळे लगेच भांड्यात धार पडली. मावशी बराच वेळ त्या धारेकडे बघत बसल्या. "दुखलं नाही गं," म्हणाल्या. चौथ्या दिवशी त्यांना आरसा लागला नाही.

माझं मत स्पष्ट आहे: हात चालत असतील आणि बसता येत असेल, तर सीआयसीच शिका. अडचण खरी येते ती बाहेर. एसटी स्टँडच्या संडासात पाणी नसतं, म्हणून बायका दुपारची वेळ चुकवतात. पाण्याची बाटली, साबण आणि झाकणाच्या डबीत नळी पर्समध्येच ठेवा. लघवीत जंतू आले, पण ताप, जळजळ, पोटदुखी नसेल, तर उगाच अँटिबायोटिक घेऊ नका. थंडी वाजून ताप आला तर मात्र डॉक्टरांकडे जायला थांबू नका.

फोलीची जागा वेगळी आहे. लघवी अचानक तुंबली, बोटं संधिवाताने वाकली, दिसत नाही, मदतीला कोणी नाही, अशा वेळी ती हवीच. फार दिवस लागणार असेल तर ओटीपोटातून घालायच्या नळीबद्दलही विचारा.

गोळ्यांवर मी फार भरवसा ठेवणार नाही. मूत्राशयाच्या स्नायूला जोर देणाऱ्या बेथानेकॉल या गोळीचा फायदा मोजक्याच जणींना दिसतो. माकडहाडाजवळच्या नसेला विजेचे हलके झटके देणारं यंत्र काहींना खरंच उपयोगी पडतं, पण ते महाग असतं आणि आधी चाचणी करूनच बसवतात.

सध्या तुम्हाला फोली घातलेली असेल, तर डिस्चार्जच्या कागदावर ती काढायची किंवा बदलायची तारीख लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.