गुजरातची नागरी बँक की मल्टीस्टेट? बडोद्यात ठेव ठेवणाऱ्यांसाठी

निवृत्तीचे पैसे हातात आले की बडोद्यातल्या मराठी घरात दोन पर्याय निघतात. एक म्हणजे रावपुरा-दांडिया बाजाराच्या टापूतली, गुजरातेतच नोंदलेली नागरी सहकारी बँक. दुसरा पुण्या-मुंबईच्या मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या, सहकारी बँकेची इथली शाखा, जिथे काउंटरपलीकडूनही मराठीच ऐकू येतं. माझं दोन्हीकडे खातं होतं, आता एकीकडेच आहे. व्याजदर आणि लॉकरचं भाडं सोडून देतो, ते शाखेतल्या फलकावर असतंच. खरा फरक बँकेवर नजर कोणाची, यात आहे.

‘सहकारी बँकेपुढे रिझर्व्ह बँकेचं फारसं चालत नाही’ हे आता जुनं झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, खातेदारांना सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते, आणि त्या गदारोळानंतर २०२० मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलला. मुख्याधिकाऱ्याची नेमणूक, हिशेबतपासणी, विलीनीकरण या सगळ्यांवर रिझर्व्ह बँकेचा हात आला. तरी एक पाचर राहिलीच. राज्यात नोंदलेल्या बँकेचं संचालक मंडळ बरखास्त करायचं तर आधी राज्य सरकारचं म्हणणं मागवावं लागतं. मल्टीस्टेट केंद्रीय निबंधकाकडे, म्हणजे सहकारी संस्थांची नोंदणी करणाऱ्या केंद्राच्या अधिकाऱ्याकडे नोंदलेली, तिला ही अट नाही. पीएमसीचं मंडळ रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच थेट बाजूला केलं होतं. म्हणजे कागदावर पारडं मल्टीस्टेटकडे झुकतं.

पण मंडळ लवकर हटवता आलं म्हणून बँक बुडायची थांबते असं नाही. ज्या दोन प्रकरणांनी आपल्या लोकांची झोप उडवली, त्या दोन्ही बँका मल्टीस्टेटच. पीएमसी एक आणि २००१ ची अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाईल दुसरी. माधवपुराची कर्जं मुंबईच्या शाखेतून शेअर दलालाला गेली आणि तिच्याकडे ठेवी ठेवून बसलेल्या गुजरातच्या कितीतरी लहान सहकारी बँका विनाकारण अडकल्या. अर्थात लहान बँकाही बुडतात, फक्त त्यांची बातमी आतल्या पानावर येते.

माझा भाचा फ्रँकफुर्टला असतो, त्याच्याशी यावर एकदा बराच वेळ बोलणं झालं. तिकडे ४ नोव्हेंबर २०१४ पासून मोठ्या बँकांवर युरोपीय मध्यवर्ती बँकच थेट देखरेख करते. ३० अब्ज युरोंच्या वर मालमत्ता हा मोठेपणाचा एक निकष, आणि त्याखालच्या बहुतेक बँका ज्या त्या देशाच्या नियामकाकडे. भाच्याचं खातं तिथल्या एका लहान बचत बँकेत आहे, म्हणजे जर्मन नियामकाच्या नजरेखाली. ठेवीची हमी मात्र अजूनही ज्या त्या देशाची, एक लाख युरोंपर्यंत. आपल्याकडे बरोबर उलट आहे. पाच लाखांचा विमा साऱ्या देशाला एकच, निबंधक मात्र नोंदणीप्रमाणे बदलतो. मला वाटायचं, विमा एक असला की निबंधक गांधीनगरचा की दिल्लीचा यानं काय बिघडतं?

ते वडिलांच्या शेअर्सच्या वेळी कळलं. त्यांचे दोन्ही बँकांत थोडेथोडे शेअर्स होते आणि दोन्हीकडे वारसाचं नाव लावलेलं नव्हतं. इथल्या बँकेच्या मॅनेजरनं तलाठ्याचं पेढीनामं, म्हणजे वारसांची वंशावळ बघितली, भावाबहिणींची संमतिपत्रं घेतली, दोन जामीनदारांच्या सह्या घेतल्या, आणि पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत विषय संपला. मल्टीस्टेटच्या शाखेतली माणसंही चांगली होती, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. ‘फाईल हेड ऑफिसला गेली आहे’ हे इतक्या वेळा ऐकलं की मीच आधी म्हणून टाकायचो. मग हेड ऑफिसचा शेरा आला, पेढीनामं चालणार नाही, कोर्टाचं वारस प्रमाणपत्र आणा. शेअर्सच्या रकमेपेक्षा वकिलाची फी जास्त झाली असती.

तक्रार करायला निघालो तर बँकिंग लोकपालाच्या कक्षेत हा विषय येत नाही असं जाणकारांनी सांगितलं, कारण ही सेवेतली उणीव नव्हे, सभासदत्वाचा वाद. इथल्या सहकार कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी नम्रपणे आणि अगदी बरोबर सांगितलं, ‘काका, ही बँक आमच्याकडे नोंदलेलीच नाही, दिल्लीला लिहा.’ २०२३ च्या दुरुस्तीनं मल्टीस्टेट संस्थांच्या सभासदांसाठी वेगळ्या सहकार लोकपालाची तरतूद झाली आहे हे खरं, पण माझं घोडं त्याआधीच पेंड खाऊन बसलं होतं. ते शेअर्स अजून वडिलांच्याच नावावर आहेत.

मल्टीस्टेटचं मोबाइल ॲप उत्तम चालतं हे मान्य करायला हवं. इथल्या बँकेचं महिन्यातून एखाद्या दिवशी रुसतं. मुलं पुण्यात असतील, उद्या तिकडेच जायचा विचार असेल, तर माझा सगळा युक्तिवाद बाजूला ठेवा, मल्टीस्टेटच सोयीची. पण बडोद्यातच राहणार असाल तर मला इथली बँक बरी वाटते. वार्षिक सभा रिक्षानं जाण्याइतक्या अंतरावर असते, उठून प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर टाळणारा अध्यक्ष दुसऱ्या दिवशी भाजी घेताना भेटतो. बडोद्याला ही सवय जुनीच आहे. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा यायच्या आधी, १८८९ मध्येच, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी इथे अन्योन्य सहकारी मंडळी काढली होती.

कुठलीही निवडा, पाच लाखांची मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून आहे आणि ती बँकेमागे आहे, शाखेमागे नाही. मल्टीस्टेटच्या बडोदा शाखेत तीन लाख आणि पुणे शाखेत तीन लाख ठेवून कोणी निश्चिंत असेल तर ती बेरीज सहाच होते. म्हणून मी इथल्या बँकेत साडेचारच्या आत राहतो, उरलेलं राष्ट्रीयीकृत बँकेत. आणि वारसाचं नाव ठेवीवरच नाही, शेअर्सवरही लावलंय.